पहिल्याच जिममध्ये अडकलात? मॉन्स्टर पकडण्याच्या गेममधल्या या चुका टाळा

सुरुवातीच्या तासा-दोन तासांत हरलं की पहिला संशय जातो तो आपल्या पोकेमॉनवर. ‘हाच कमजोर निवडला, दुसरा घ्यायला पाहिजे होता.’ मग नवा गेम सुरू. खरं तर पहिल्या पंधरा लेव्हलपर्यंत एका पोकेमॉनमध्ये आणि दुसऱ्यामध्ये ताकदीचा फरक फार थोडा असतो. निकाल लागतो तो हातात कोणती मूव्ह आहे आणि ती समोरच्याच्या कोणत्या टाइपवर पडते यावर. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा कूलरसमोर बसून फोनवर पोकेमॉनचा फायररेड हा गेम उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आकडे त्याच गेमचे आहेत, बाकीच्यांचा उल्लेख जिथे लागेल तिथे.

सवयीची मूव्ह दाबत राहणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. भाच्यानं नंदनवनातून फोन केला होता, “मामा, किती मारून राहिलो, पण त्या ओनिक्सची हेल्थच कमी होऊन नाही राहिली!” विचारलं, काय मारतोस? म्हणे स्क्रॅच. एम्बर का नाही? “रॉकवर फायर चालत नाही ना.”

अर्धं बरोबर आहे. पहिल्या जिमचा म्होरक्या ब्रॉक, त्याच्याकडे 12 लेव्हलचा जिओड्यूड आणि 14 लेव्हलचा ओनिक्स असतो. दोघंही रॉक आणि ग्राउंड, त्यामुळे फायरचा मार निम्मा होतो. पण स्क्रॅच नॉर्मल टाइपची, रॉकवर तीही निम्मीच पडते. खरा फरक पुढे आहे. ओनिक्सचा बेस, म्हणजे त्या जातीचा मूळ, डिफेन्स 160 आहे आणि स्पेशल डिफेन्स फक्त 45. स्क्रॅच जाते डिफेन्सवर, एम्बर स्पेशल डिफेन्सवर.

आयव्ही (प्रत्येक पोकेमॉनला जन्मजात मिळणारे छुपे गुण) मधलेच, म्हणजे 15 धरून हिशेब केला, तर भाच्याकडच्या फायर टाइपच्या, 12 लेव्हलच्या चार्मँडरची स्क्रॅच ओनिक्सचा 1 पॉइंट काढते. एकच. सीताबर्डीच्या टेकडीवरचा काळा दगड नखानं खरवडावा, तसं. तोच चार्मँडर एम्बर मारतो तेव्हा 5 पर्यंत जातात. ओनिक्सची हेल्थ साधारण 35 असते. म्हणजे एकीकडे पस्तीस वार, दुसरीकडे सात-आठ, आणि तेही ‘नॉट व्हेरी इफेक्टिव्ह’ लिहून येणाऱ्या मूव्हचे. स्क्रीनवरची ती ओळ फक्त टाइपबद्दल बोलते, डिफेन्सबद्दल नाही. हे एकदा ध्यानात आलं की निम्मे अडलेले सामने सुटतात.

आता सुरुवातीला निवडता येणाऱ्या तिघांपैकी ग्रासचा बल्बासॉर बघा. 10व्या लेव्हलला त्याला वाइन व्हिप येते. रॉक-ग्राउंडवर ग्रास चौपट पडते, शिवाय स्वतःच्या टाइपची मूव्ह म्हणून दीडपट वेगळी. 12 लेव्हलवर ती ओनिक्सचे 30 ते 36 पॉइंट काढते. काम एका वारात, फार तर दोन वारांत होतं. स्क्वर्टलचंही पाण्यामुळे तसंच. म्हणून चार्मँडर घेणं म्हणजे या गेमचा ‘हार्ड मोड’ म्हणतात, ते पहिल्या दोन जिमपुरतं पटण्यासारखं आहे. दुसरी जिम मिस्टीची, तिच्याकडे पुन्हा पाणीच.

एकालाच मोठं करत बसणं

चार्मँडर अडला की पुढचा उपाय सगळ्यांना माहीत असतो: गवतात फिरायचं, फास्ट-फॉरवर्ड दाबायचं आणि 16 लेव्हलला चार्मिलियन करूनच परत यायचं. चालतं हे. पण व्हिरिडियन फॉरेस्टमधल्या 4 लेव्हलच्या कॅटरपीला हरवून साधारण 30 अनुभव गुण मिळतात आणि 12 वरून 16 ला जायला दीड हजारांहून जास्त लागतात. पन्नासेक लढाया झाल्या. त्यातून मिळतं काय? 13व्या लेव्हलला येणारी मेटल क्लॉ. रॉकवर दुप्पट खरी, पण तीही डिफेन्सलाच धडकते, म्हणून ओनिक्सचे 8च्या आसपास पॉइंट जातात.

त्यापेक्षा व्हिरिडियन सिटीच्या पश्चिमेला, रूट 22 च्या गवतात मँकी मिळतो. 10 लेव्हलच्या आतच त्याला लो किक येते. गेमच्या तिसऱ्या पिढीपासून (फायररेड त्यातलाच) लो किकची ताकद समोरच्याच्या वजनावर ठरते आणि ओनिक्सचं वजन आहे 210 किलो. 200च्या वर गेलं की ताकद थेट 120. हिशेब मांडला तर 10 लेव्हलचा मँकी ओनिक्सचे 20 ते 24 पॉइंट काढतो. तीन लेव्हल मोठ्या चार्मँडरच्या तिप्पट! एक लक्षात ठेवा, जिओड्यूड हलका आहे, 20 किलोचा. त्याच्यावर हीच लो किक फुसकी वाटेल. तिथे घाबरून मूव्ह बदलू नका, जिओड्यूडला एम्बरनं थकवा आणि मँकी ओनिक्ससाठी राखून ठेवा.

हा मँकी तिथे उगाच ठेवलेला नाही, असं माझं मत. 1998 साली जपानमध्ये यलो हा जुना पोकेमॉन गेम आला, त्यात स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला मिळणारा पोकेमॉन, पिकाचू होता आणि त्याची इलेक्ट्रिक मूव्ह ग्राउंडवर शून्य. बनवणाऱ्यांनी ब्रॉकची टीम 10 आणि 12 लेव्हलवर उतरवली आणि रूट 22 वर मँकी सोडला. पहिल्या जिमच्या आधीचं गवत नीट धुंडाळा असं मी म्हणतो ते यासाठीच. किल्ली जवळपासच कुठेतरी ठेवलेली असते.

स्टार्टरसाठी शंभर रीसेट

व्हिडिओ बघून पोरं चांगल्या आयव्ही आणि नेचरसाठी (पोकेमॉनच्या स्वभावासाठी) तासन्‌तास गेम रीसेट करतात. आयव्ही 0 ते 31 असते, पण तिचा वाटा लेव्हलप्रमाणे मिळतो. 10 लेव्हलला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या आयव्हीत फरक पडतो 3 पॉइंटचा. नेचर दहा टक्के देते, म्हणजे 20च्या आकड्यावर 2. पुढे मित्रांशी बॅटल खेळायच्या असतील तर ठीक, पण ब्रॉकसाठी रीसेट करण्यात अर्थ नाही.

बेस स्टॅटचंही तसंच. बेस 50 आणि बेस 80 यांच्यात 10 लेव्हलला फक्त 6 पॉइंटचं अंतर असतं, कारण प्रत्येक आकड्यात 5 आधीच फुकट मिळालेले असतात आणि हेल्थमध्ये तर लेव्हल अधिक 10. सुरुवातीला सगळे जवळजवळ एका रांगेत दिसतात ते यामुळे. खरी दरी पुढे, तीस-चाळीसच्या पुढे पडत जाते.

शेवटचं रूप बघून पार्टी भरणं

ड्रॅगनाइट 55 लेव्हलला होतो. डीनो नावाचा ड्रॅगन 50 ला पहिल्यांदा बदलतो आणि 64 ला हायड्रायगॉन होतो. यांना पहिल्या दिवसापासून पार्टीत घेऊन फिरणारे असतात. हौसेला मोल नाही, मान्य. पण सहापैकी दोन जागा अशा अडकल्या की उरलेल्या चारांवर सगळा भार येतो आणि मग ‘गेम फार अवघड आहे’ अशी तक्रार.

उलट्या टोकाला असतात कॅटरपीसारखे. 7 ला मेटापॉड, 10 ला बटरफ्री, आणि फायररेडमध्ये त्याच 10व्या लेव्हलला कन्फ्यूजन. ही सायकिक मूव्ह स्पेशल असल्यामुळे ओनिक्सच्या त्याच कमजोर बाजूला लागते. तीस लेव्हलनंतर बटरफ्री मागे पडतो, तेव्हा त्याला बॉक्समध्ये, म्हणजे पार्टीबाहेरच्या साठ्यात, ठेवून द्या. इथे लोकांचा जीव अडकतो. सुरुवातीला साथ दिलेल्याला बाजूला सारणं जिवावर येतं, पण ही माणसं नाहीत, बॉक्समध्ये ती मजेत राहतात.

मॅगीकार्पबद्दल दोनच वाक्यं. माउंट मूनच्या तोंडाशी 500 ला मिळतो आणि 20 लेव्हलला गायराडोस होतो. घ्या, पण पहिल्या पाच मिनिटांतच लढायला पाठवू नका, दरवेळी पहिल्या नंबरावर ठेवून लगेच बदला म्हणजे अनुभव वाटला जातो.

दगड हातात आला की लगेच वापरणं

फायर स्टोननं ग्रोलिथचा आर्केनाइन होतो खरा, पण मग लेव्हलनं मूव्ह येणं जवळपास थांबतं. फायररेडमध्ये ग्रोलिथला फ्लेम व्हील 31 ला आणि फ्लेमथ्रोअर 49 ला येते. आर्केनाइनला लेव्हलनं नवीन येते ती एकच, एक्स्ट्रीम स्पीड, तीही 49 ला. 49 पर्यंत थांबा असं नाही म्हणत, पण फ्लेम व्हील तरी घेऊन मग दगड लावा.

फट दिसली की सगळ्याच गेममध्ये चालेल असं समजणं

व्हर्मिलियनजवळच्या डिगलेट गुहेत कधीमधी 29 किंवा 31 लेव्हलचा डगट्रिओ निघतो. त्याच शहरातल्या लेफ्टनंट सर्जचा रायचू 24चा, आणि ग्राउंडवर वीज चालतच नाही. डगट्रिओ पकडला की ती जिम संपली. पकडायला मात्र तो चिवट आहे, बॉल भरपूर न्या.

हीच युक्ती नव्या गेममध्ये करायला गेलात तर तोंडावर पडाल. सोर्ड-शील्डमध्ये बॅज नसताना 20 लेव्हलच्या वरचा पकडताच येत नाही. स्कार्लेट-व्हायलेटमध्ये (2022) पकडता येतो, पण बॅज नसेल तर 20च्या वरचा ऐकत नाही. ऐन लढाईत पाठ फिरवून बसतो. प्रत्येक बॅजला ही मर्यादा 5 नं वाढते. त्यामुळे तिथे मोठा शिकारी शोधण्याआधी पुढचा बॅज काढणंच फायद्याचं.

मिल्टँक

गोल्ड-सिल्व्हर खेळलेल्यांना हा शब्द पुरेसा आहे. तिसरी जिम, व्हिटनी, 20 लेव्हलची मिल्टँक. तिची रोलआउट 30 ताकदीनं सुरू होते आणि लागत गेली की प्रत्येक वेळी दुप्पट: 60, 120, 240, 480. तिसऱ्या-चौथ्या वाराला पार्टी साफ. वर अट्रॅक्ट, जी फक्त नरांवर चालते, आणि स्टार्टर बहुतेक वेळा नरच निघतो. इथे लेव्हल वाढवत बसण्यापेक्षा एक मादी पोकेमॉन आणि एक जिओड्यूड सोबत घ्या. रोलआउट त्याच्या ग्राउंड बाजूवर निम्मी पडते. व्हिटनीच्याच गोल्डनरॉड शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ड्रॉझीच्या बदल्यात मॅचॉप मिळतो (क्रिस्टलमध्ये त्यासाठी अब्रा लागतो), नॉर्मलवर फायटिंग दुप्पट आणि रोलआउट त्यालाही निम्मीच. तिच्याकडे मिल्क ड्रिंकही आहे, अर्धी हेल्थ परत आणणारी. म्हणून थोडं थोडं कुरतडू नका. तिच्या आधीच्या क्लिफेअरीवर मोठ्या मूव्हचे पीपी (ती किती वेळा वापरता येते तो साठा) उडवू नका, आणि मिल्टँक निम्म्याच्या आसपास आली की सगळ्यात जोरदार मूव्ह लागोपाठ दोनदा टाका, तिला दूध प्यायला फुरसत मिळायच्या आत.