अस्थिमज्जेतील पेशींनी कूर्चेची दुरुस्ती: निर्णयापूर्वी काय तपासावे

सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिच्यात पडलेला खड्डा सहसा आपोआप नीट भरून येत नाही. अस्थिमज्जेतील मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या जागी बसवण्याचा उपाय त्यासाठीच पुढे आला. एमआरआयमध्ये दोष एकाच जागी मर्यादित दिसत असेल, तर त्याचा विचार करावा. सांधा सर्वत्र झिजला असेल, तर फारशी अपेक्षा ठेवू नये.

त्याआधी पायाचा वाकडेपणा आणि फाटलेले अस्थिबंध (हाडे जोडणारे पट्टे) तपासून घ्यावेत, कारण भार जुन्याच जागी पडत राहिला तर नवी ऊतीही झिजते. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. जपानमध्ये वाकितानी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ गुडघ्यांवर पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया केली आणि त्यांपैकी निम्म्यांत मज्जेतील पेशीही बसवल्या. पेशी मिळालेल्या गुडघ्यांतील कूर्चा सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून अधिक चांगली दिसली, परंतु रुग्णांच्या त्रासात पडलेला फरक दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता.

पेशी खरोखर वाढवणार आहेत का, हे स्पष्ट विचारावे. मज्जा काढून त्याच दिवशी घट्ट करून टोचणे ही वेगळी पद्धत आहे. मज्जेतील एककेंद्रकी पेशींमध्ये (एकच गोल केंद्रक असलेल्या पेशींमध्ये) उपयोगी मूळपेशी जेमतेम ०.००१ ते ०.०१ टक्के असतात, म्हणूनच वाढवण्याची गरज पडते. कंबरेच्या हाडातून सुईने काढलेल्या मज्जेतील पेशी ३७ अंश सेल्सिअसला काही आठवडे वाढवतात. त्या परत देण्यापूर्वी जिवाणू, बुरशी व मायकोप्लाझ्मा (पेशींच्या वाढीत शिरणारे अतिसूक्ष्म जिवाणू) नसल्याचा, तसेच सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या मूळपेशी ओळखण्याच्या पृष्ठभागावरील खुणा असल्याचा अहवाल मागावा; तो दाखवण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर तेथे उपचार घेऊ नयेत.

शस्त्रक्रियेत खड्ड्याच्या सैल कडा खरवडून पेशी बहुधा कोलॅजनच्या पडद्यावर किंवा फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) गोंदात बसवतात. तयार होणारी ऊती बऱ्याचदा मूळ कूर्चेइतकी टणक नसते, हेही शल्यचिकित्सकाकडून आधीच समजून घ्यावे.

नंतरचे पहिले काही आठवडे कुबड्या वापराव्यात आणि भार सांगितला तेवढाच द्यावा; गुडघा वाकवण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लवकर सुरू करावा. दुखणे थांबले तरी धावण्याची किंवा उड्या मारण्याची घाई करू नये, कारण नवी ऊती पक्व व्हायला अनेक महिने लागतात.