इलेक्ट्रिक मोटारीचे टायर आलटूनपालटून कसे बसवावेत

पेट्रोलच्या मोटारीचे टायर ठरावीक काळाने आलटूनपालटून बसवणारा माणूस इलेक्ट्रिक मोटार घेतल्यावरही तेच करीत राहतो, आणि त्यात मूलतः काही चूक नाही. फरक आहे तो झीज किती लवकर होते आणि नेमकी कुठे होते यात. पेट्रोलच्या गाडीचा वेग कमी करताना बहुतेक काम ब्रेक करतात आणि ते चारही चाकांत वाटले जाते. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरच जनित्राचे काम करू लागते आणि गाडीला रोखते; यालाच रीजन म्हणतात. हे रोखणे मात्र मोटर ज्या चाकांना जोडलेली आहे त्यांच्याच टायरांमधून रस्त्यापर्यंत पोहोचते. म्हणजे गाडी ओढणारी चाके तीच आणि थांबवणारीही बऱ्याच अंशी तीच. त्यात बॅटरीचे वजन आणि सिग्नल सुटताच मिळणारा मोटरचा जोर यांची भर पडते. आंबोलीचा किंवा आंबा घाट रीजनची पातळी वर ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक पॅड नक्कीच वाचतात, पण त्याची किंमत एकाच ॲक्सलवरच्या दोन टायरांना मोजावी लागते.

म्हणून आपल्या गाडीची मोटर पुढची चाके फिरवते की मागची, हे आधी पाहावे. टाटा नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, एमजी झेडएस ईव्ही आणि महिंद्रा एक्सयूव्ही ४०० या गाड्यांची पुढची चाके मोटर फिरवते. महिंद्रा बीई ६, एक्सईव्ही ९ई आणि आपल्याकडे विकली जाणारी ह्युंदाई आयोनिक ५ यांची मोटर मागे आहे. टाटा हॅरियर ईव्हीच्या वरच्या प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत. वर्षानुवर्षे पुढून ओढणाऱ्या गाड्या हाताळलेला टायरवाला सवयीने तोच क्रम लावतो, त्यामुळे गाडी त्याच्या ताब्यात देतानाच हे स्पष्ट सांगितलेले बरे.

किती किलोमीटरनंतर हे करावे, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते आणि ते बहुधा १०,००० किलोमीटरच्या आसपास असते. माझ्या मते मात्र किलोमीटरपेक्षा मोजमापावर अधिक विश्वास ठेवावा. टेस्लाची सूचना या दृष्टीने चांगली आहे: १०,००० किलोमीटर झाले किंवा टायरांच्या नक्षीच्या खोलीत १.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फरक पडला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा टायर आलटूनपालटून बसवावेत. कंपनी कोणतीही असो, हा नियम पाळण्यासारखा आहे.

खोली मोजण्याचा छोटा गेज फारसा महाग नसतो. प्रत्येक टायरवर आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला अशा तीन ठिकाणी खोली मोजावी आणि बारा आकडे वहीत लिहून ठेवावेत. आतली कडा पाहण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचे टायर तपासावेत. मागच्या टायरांसाठी वाकून टॉर्चच्या उजेडात पाहावे लागते, आणि नेमकी तीच जागा बहुतेकांकडून राहून जाते. नव्या टायरची खोली साधारणतः ७ ते ८ मिलिमीटर असते आणि १.६ मिलिमीटर ही वापराची शेवटची मर्यादा आहे. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की टायर गोटा झाला असे समजावे. समजा, पुढच्या टायरांवर ५ आणि मागच्यांवर ६.८ मिलिमीटर भरले, तर अदलाबदलीची वेळ झाली आहे. पण एकाच टायरची आतली कडा ३.५ आणि बाहेरची ५.५ असेल, तर दोष अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीचा, आहे आणि तो आधी दुरुस्त केला पाहिजे. नाही तर त्या जागी येणारा दुसरा टायरही तसाच खाल्ला जाईल. दोन्ही कडा झिजून मध्यभाग शाबूत असल्यास हवा कमी राहिली होती, आणि मध्यभाग अधिक झिजला असल्यास ती जास्त भरली गेली होती.

आता चाकांचा क्रम पाहू. मोटर पुढे असेल तर पुढची दोन्ही चाके आपापल्या बाजूने सरळ मागे न्यावीत आणि मागची चाके बाजू बदलून पुढे आणावीत, म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे आणि मागचे उजवे पुढे डावीकडे येते. मोटर मागे असेल तर नेमके उलट: मागची चाके सरळ पुढे येतात आणि पुढची बाजू बदलून मागे जातात. दोन्ही ॲक्सलवर मोटर असलेल्या गाडीत हा दुसरा क्रम किंवा चारही चाके तिरकी फिरवण्याचा क्रम चालतो, आणि पुस्तिकेने यांपैकी एक सांगितला असेल तर तोच पाळावा. यात दोन अपवाद आहेत. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ते चाक बाजू बदलू शकत नाही, केवळ पुढेमागे होऊ शकते. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतील तर पुढेमागे करण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या टायरवर केवळ ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते त्याला मात्र हे बंधन नाही. रिमसकट बाजू बदलली तरी त्याची बाहेरची बाजू बाहेरच राहते.

सर्वांत जास्त काळजी गाडी उचलताना घ्यावी लागते. बॅटरी जवळजवळ संपूर्ण तळभर पसरलेली असते, आणि पेट्रोलच्या गाडीखाली मधोमध जॅक सरकवण्याची सवय इथे महागात पडू शकते. बॅटरीच्या आवरणाला आलेला पोचा बाहेरून किरकोळ वाटला तरी आतले सेल किंवा कूलिंगच्या वाहिन्या दुखावल्या जाऊ शकतात. जॅकचा किंवा लिफ्टचा आधार दरवाजांखालच्या पट्टीवर कंपनीने खूण केलेल्या जागीच द्यावा आणि मध्ये रबरी ठोकळा ठेवावा. हे काम घरी करायचे असेल तर जमीन सपाट आणि टणक हवी, उचललेल्या बाजूला जॅक स्टँड हवेत आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून अटकाव हवा. हँडब्रेक सहसा मागच्या चाकांनाच धरतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर त्याचा भरवसा उरत नाही. गाडीसोबत मिळालेल्या एकट्या जॅकवर ही अदलाबदल करू नये. खरे तर चारही चाके एकदम उचलणारी लिफ्ट असलेले दुकान गाठावे आणि जॅकच्या जागा तिथे स्वतः उभे राहून दाखवाव्यात, हेच शहाणपणाचे.

चाक बसवण्यापूर्वी हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढावा. नट आधी हाताने फिरवून बसवावेत, मग पान्याने बेताचे आवळावेत, आणि गाडी खाली उतरल्यावर समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत घट्ट करावेत. दुकानातल्या हवेच्या गनने ‘टाइट झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. गनने जास्त आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्याला दाद देत नाही. पुढे ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर तोच टॉर्क पुन्हा तपासावा.

हवेचा दाब पुढे आणि मागे वेगळा सांगितलेला असेल तर चाके बदलल्यावर तो नव्या जागेप्रमाणे, टायर थंड असताना, भरावा. आकडे बहुधा चालकाच्या दरवाजाच्या खांबावरील स्टिकरवर असतात. दाब दाखवणारी यंत्रणा असल्यास तिला चाकांच्या नव्या जागा शिकवाव्या लागतात. काही गाड्या हे थोडे चालवल्यावर आपोआप करतात, काहींत मेनूमधून रीसेट द्यावा लागतो, आणि ते राहिले तर पुढच्या डाव्या टायरची सूचना पाहून आपण भलत्याच चाकाची हवा तपासत बसतो.

शेवटी, दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली तर ते मोटरच्या चाकांवर लावण्याचा मोह होतो. मोटर पुढे असली तरी नवी जोडी मागेच बसवावी. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते, आणि तेव्हा सावरायला बहुतेकांना सवड मिळत नाही.