मलेरियाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, अर्ध्यात का सोडायच्या नाहीत

गोव्याच्या कामावरनं खानापूरला आलात आणि हुडहुडी भरून ताप चढला तर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा, उगाच मेडिकलमधनं क्लोरोक्विन (मलेरियाची जुनी गोळी) आणून गिळू नका. रिपोर्टात व्हायवॅक्स की फाल्सिपेरम (मलेरियाच्या जंतूंच्या दोन जाती) तेवढं बघा, कारण फाल्सिपेरमच्या पीएफसीआरटी नावाच्या जीनमध्ये म्युटेशन (बदल) होऊन त्यातनं बनणाऱ्या प्रोटीनमधलं ७६ नंबरचं अमिनो आम्ल बदललं की जंतू आपल्या पोटातल्या पिशवीतनं क्लोरोक्विन बाहेर ढकलतो, गोळी फुकट! म्हणून तिथं आर्टेमिसिनिनची जोडगोळी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि सोबत दुसरं औषध), ३ दिवस. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन चालतं, पण सोबत प्रायमाक्विन १४ दिवस, लिव्हरात लपलेले जंतू त्यानं मरतात (गरोदर बाईला ही देत नाहीत, डॉक्टरला आधीच सांगा). ताप उतरला की आपली माणसं पाकीट फळीवर टाकतात, तसं नको, अर्धवट डोसात तगलेले जंतूच डासातनं शेजाऱ्याकडं जातात. ३ दिवसांनीही ताप असला तर परत रक्त तपासा.