ब्राउझर खरंच अपडेट झालाय का, हे कसं तपासाल?

सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममध्ये एक भोक, म्हणजे चोरांना आत शिरू देणारी चूक, सापडलं. ‘वेबपी’ प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ नावाच्या कोडमध्ये ते होतं. चोरांना आत शिरायला मुद्दाम बिघडवून बनवलेलं चित्र पानावर आलं की पुरे, त्यावर क्लिक करायचीही गरज नाही. हाच कोड फायरफॉक्स, एज आणि इतर कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे सगळ्यांचीच धावपळ उडाली. ६ तारखेला ॲपल आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने गूगलला कळवलं, ११ला क्रोमची दुरुस्ती आलीसुद्धा.

पण ती तुमच्या मशीनवर लागली का? ब्राउझर नवी आवृत्ती गुपचूप उतरवून ठेवतो, मात्र तो बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच चालू राहते. चाळीस टॅब उघडे ठेवून लॅपटॉप नुसता मिटणाऱ्यांची (त्यात मीही आलो) पंचाईत इथेच होते. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली की तिच्याकडे बघून भोक कुठे होतं, हे चोरांनाही कळतं.

म्हणून आधी क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा, मग ‘हेल्प’, मग ‘अबाउट गूगल क्रोम’. पान उघडताच तपासणी आपोआप सुरू होते. ‘रीलाँच’ दिसलं तर दाबा. टॅब परत येतात, इनकॉग्निटोतले येत नाहीत; अर्धवट भरलेला फॉर्म आधी पूर्ण करा. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, ‘हेल्प’, ‘अबाउट फायरफॉक्स’. एखादं पानच ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा’ म्हणू लागलं, तर ते पान बंद करा. अपडेट नेहमी मेनूतूनच.

मग विनरार, म्हणजे दाबून लहान केलेल्या (झिप, रार) फाइली उघडणारं सॉफ्टवेअर. हा स्वतःहून अपडेट होत नाही, आणि चाळीस दिवसांच्या ट्रायलवर वर्षानुवर्षं चालवायची आपली सवय. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यात तब्बल १९ वर्षं जुनं भोक दाखवलं. ते ‘एस’ (ACE) या जुन्या प्रकारच्या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या तुकड्यात होतं; तो तुकडा बाहेरचा, त्याचा सोर्स कोड विनरारवाल्यांकडे नव्हता. त्यांनी एसची सोयच काढून टाकली. जुलै २०२५ मध्ये आणखी एक भोक ७.१३ आवृत्तीत बुजवलं गेलं. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट विनरार’मध्ये त्याहून लहान आकडा दिसला, तर अधिकृत साइटवरून नवी आवृत्ती उतरवून जुन्यावरच इन्स्टॉल करा.

फोनवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ उघडा. सगळं अपडेट करायला डेटा नसेल, तर आधी क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ घ्या. इतर ॲप्समधली वेबपानं बहुधा हा वेबव्ह्यूच दाखवतो.

घरात विंडोज ७चा जुना कॉम्प्युटर असेल, तर त्यावर क्रोम १०९च्या पुढे जाणारच नाही. तिथे दाबायला बटणच नाही. त्यावर गाणी ऐका, पत्रं टाइप करा. बँकेचं काम मात्र दुसरीकडे.