मॉन्तेरेत राहायला आलात? लोकल बातम्या अशा फॉलो करा

आयटी नाहीतर ऑटो कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोत मॉन्तेरेला आलेले आपले लोक बघतो ना, पुण्यातल्या बातम्या तोंडपाठ असतात पण उद्या आपल्या गल्लीत पाणी येणार का हे विचारलं की गप्प. स्पॅनिश कच्चं असलं तरी जमतं, ट्रान्सलेट ॲप आहेच.

सगळ्यात आधी भाडेकरार काढा आणि आपलं घर कुठल्या मुनिसिपिओत (म्हणजे पालिकेत) येतं ते बघा. आपण सरसकट मॉन्तेरे म्हणतो पण त्यात सान पेद्रो, ग्वादालुपे, सान निकोलास, आपोदाका, सांता कातारिना अशा वेगवेगळ्या पालिका आहेत, पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारखंच, प्रत्येकीचा महापौर वेगळा, पोलीस वेगळे. फुटबॉल वर्ल्ड कपचं स्टेडियमसुद्धा खरं तर ग्वादालुपेत आहे. त्यामुळे 'महापौरांनी जाहीर केलं' असं वाचलं की कुठले महापौर ते आधी बघायचं, नाहीतर दुसऱ्याच्या बातमीवर आपण खूश.

मग कुठलं खातं कोणाचं ते. खड्डे, कचरा, रस्त्यावरचे दिवे हे पालिकेचं. वीज म्हणजे सीएफई, ती केंद्र सरकारची वीज कंपनी, तक्रार 071 वर. पाणी राज्य सरकारच्या 'आग्वा इ द्रेनाखे'कडे, नंबर 073. इमर्जन्सीला 911. पाण्यासाठी महापौरांना टॅग करून काही होत नाही, तरी लोक करतात 😄

पाण्याच्या बातम्या मात्र नीट वाचायला शिका, इथलं खरं राजकारण तिथेच आहे. 2022 च्या उन्हाळ्यात सेर्रो प्रिएतो धरण जवळपास कोरडं पडलं, ला बोकाचीही तीच गत, आणि जूनमध्ये पाणी फक्त पहाटे 4 ते सकाळी 10 असं झालं, बऱ्याच वस्त्यांत तेही धड येत नव्हतं. मग 2024 च्या जूनमध्ये आल्बेर्तो वादळ आलं आणि धरणं भरली. म्हणून उन्हाळ्याच्या आधीपासूनच या दोन धरणांवर आणि एल कुचियो धरणावर लक्ष ठेवा, कोनाग्वा (केंद्राचा जल आयोग) आकडे देत असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या पाणी बंद' आलं तर लगेच बादल्या भरत बसू नका, पाणी खात्याची मूळ पोस्ट उघडा, तारीख बघा, आणि वस्त्यांच्या यादीत आपल्या कोलोनियाचं (वस्तीचं) नाव आहे का ते शोधा. जुन्याच पोस्ट परत फिरत असतात.

पेपरमध्ये 'एल नोर्ते' (1938 पासून) पालिकांच्या मागे लागण्यात तरबेज, पण पैसे भरल्याशिवाय फारसं वाचता येत नाही. 'एल पोर्वेनिर' त्याहून जुना, 1919 चा. फुकटात आणि कानाला सवय म्हणून मुल्तिमेदियोस चॅनेलच्या 'तेलेदिआरिओ' बातम्या लावून ठेवा. अपघात आणि खुनाच्या बातम्या भरपूर येतात, हेडलाईन वाचून पुढे सरका. तिग्रेस-रायादोस या इथल्या दोन फुटबॉल क्लबांच्या मॅचच्या दिवशी दुसरी बातमी शोधूच नका.

एक्सवर 'एमटीवायफॉलो' (#MTYfollow) हॅशटॅग बघा. 2010 च्या आसपास टोळीयुद्ध चालू असताना, पेपर-चॅनेलवर हल्ले होत होते तेव्हा कुठल्या रस्त्यावर गोळीबार चाललाय ते लोक त्याच्यावरून एकमेकांना कळवायचे. पण एकाच अकाउंटवर विश्वास नको, पूर-वादळाच्या वेळी प्रोतेक्सिओन सिविलची (आपत्तीच्या वेळचं सरकारी खातं) पोस्टही बघा.

अजून एक भारी सोय, माहिती अधिकार. आपल्याकडे अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, इथे कोणीही करू शकतं, परदेशी असलात तरी, आणि कारण द्यावं लागत नाही. नॅशनल ट्रान्सपरन्सी प्लॅटफॉर्मवर ऑनलाईन टाकायचा, उत्तराची मुदत साधारण 20 कामाचे दिवस. समोरच्या रस्त्याचं कंत्राट किती पेसोंचं ते खुशाल विचारा.

फक्त मोर्चे आणि प्रचारसभांपासून लांब राहा. राज्यघटनेच्या कलम 33 प्रमाणे परदेशी माणसाला इथल्या राजकारणात पडायला बंदी आहे, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. खड्ड्याची तक्रार मात्र बिनधास्त करा, फोटो आणि लोकेशन टाकून.