पावसाळ्यानंतर डिझेल पिकअपचं अ‍ॅव्हरेज परत आणण्याची तयारी

दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्याच्या आधीचे दोन दिवस पिकअपसाठी मोकळे काढा. एकदा दिवाळीचा माल सुरू झाला की वाशीची एपीएमसी, भिवंडीची गोदामं आणि दादर या चकरांमध्ये गाडी एक दिवससुद्धा उभी राहत नाही. जून ते सप्टेंबर तुंबलेल्या पाण्यातून, खड्ड्यांतून आणि घोडबंदरच्या रांगेतून गेलेली गाडी डिझेल जास्त पिते, हे सगळ्यांनाच जाणवतं. मग बरेच जण थेट नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढायला लावतात. ते सर्वांत खर्चिक काम आहे, म्हणून ते सर्वांत शेवटी करायचं. आधी मोजणी, मग चाकं, मग हवा, डिझेल आणि तापमान, हा क्रम सोडू नका.

सामान आधीच गोळा करा: हँडबुक, स्वतःचा हवेचा गेज, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), चाकाला लावायच्या उटी, मोजपट्टी, टॉर्च, काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बाटली, फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी. जमलं तर लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. तो पुढे ब्रेकसाठी लागेल. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर मॉडेलच्या पार्ट नंबरवरून आणून ठेवा, म्हणजे गाडी उघडल्यावर दुकानाच्या वाऱ्या होत नाहीत.

कामाला हात लावण्याआधी आजचं अ‍ॅव्हरेज किती, हे पक्कं करा. मीटरवरचा आकडा अंदाजापुरता ठीक आहे; खरं माप टाकी ते टाकी. एकाच पंपावर, पंपाच्या एकाच नळीवर, गाडी सपाट जागी उभी करून पहिल्या ऑटो-कटला (नळी आपोआप बंद होते तिथे) थांबायचं. गळ्यापर्यंत भरायला सांगू नका. ३५० ते ४०० किमी झाल्यावर तिथेच, तसंच पुन्हा भरा. भरण्यात एक लिटरचा फरक पडला तर ४० लिटरवर चूक अडीच टक्के होते, पण १० लिटरवर तीच १० टक्के होते. म्हणून पाचशे-हजाराचं डिझेल टाकून काढलेल्या हिशेबावर कोणताही निर्णय घेऊ नका. वहीत तारीख, किमी, लिटर, अंदाजे वजन आणि मार्ग लिहा. सायन–पनवेलवरची सकाळची फेरी आणि नाशिक हायवेवरची रात्रीची फेरी यांची तुलना होऊ शकत नाही. जमल्यास हिशेब १०० किमीला किती लिटर असा मांडा: १० चं अ‍ॅव्हरेज १२ झालं तर १०० किमीला १.६७ लिटर वाचतं, आणि १४ चं १६ झालं तर फक्त ०.८९. खूप खाली गेलेल्या गाडीवर केलेली मेहनत जास्त फळ देते, ती अशी.

ओडोमीटर खरं बोलतोय का, तेही बघा. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर १०–२० किमी मिळवून पाहा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर असतो. रबर ८ मिमी झिजलं की व्यास १६ मिमीने कमी होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. झिजलेल्या टायरवर किमी जास्त पडतात, म्हणून नवे टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज तेवढंच उतरल्यासारखं दिसतं. गाडीत बिघाड नसतो, हिशेब बदललेला असतो. जाड टायर टाकला असेल तर हा फरक आणखी वाढतो.

आता चाकं. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा हँडबुकात असतो. पुढचा आणि मागचा वेगळा, रिकामा आणि भरलेला वेगळा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नसतो. पंपावरच्या हवेच्या मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आपल्या गेजने मिळवा. स्टेपनी विसरू नका आणि व्हॉल्व्हच्या टोप्या बसवा. पावसाळ्यात चिखल बसून पिन हळूहळू गळते.

खड्ड्यांनी अलाइनमेंट बिघडतं, पण लगेच मशीनवर जाऊ नका. आधी पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर ती काढल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही. टायरच्या खाचांवरून हात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) बिघडलेला आहे, म्हणजे टायर रस्त्यावर घासत चाललाय आणि ती घासण डिझेलने भरून निघते. मागे स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मधापासून मागच्या हबच्या मधापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजपट्टी लावा. दोन्ही मापं जुळली नाहीत तर आधी अ‍ॅक्सल जागेवर आणा.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या, कारण मुंबईतल्या पिकअपचं डिझेल इथेच चोरून जातं. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ड्रममध्ये गंज धरतो, कॅलिपरच्या पिना आवळतात आणि हँडब्रेकची केबल परत सुटत नाही. ब्रेक पूर्ण लागलेला नसतो, नुसता चिकटलेला असतो. गाडी चालते, पण ड्रायव्हरला थोडी जास्त रेस द्यावी लागते आणि त्याला ते कळतही नाही. तपासणी सोपी आहे. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किमी चालवा, शक्यतो ब्रेक न मारता, आणि शेवटी गाडी गिअरमध्ये आपोआप मंद होऊ द्या. थांबल्यावर थर्मामीटरने चारही हब मोजा. पुढच्या जोडीत किंवा मागच्या जोडीत डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर गरम चाक अडकलेलं आहे. हात लावू नका, अडकलेला ड्रम चांगलाच भाजतो. नंतर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून मागचा अ‍ॅक्सल उचला, घोड्यांवर टेकवा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि चाक हाताने फिरवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. ड्रम उघडला की शूचे स्प्रिंग आणि सिलिंडरची गळती बघा. हबचं ग्रीस दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी गेलेलं आहे. ग्रीस आणि सील दोन्ही बदला. तसंच मागच्या डिफरन्शियलचं. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि तुंबलेल्या ब्रीदरमधून (हाउसिंगची हवा जायची छोटी नळी) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइलचा रंग दुधी दिसला तर ते लगेच बदला आणि ब्रीदर साफ करा.

हवेच्या बाजूला एअर फिल्टर काढून डब्याच्या इंजिनाकडच्या भागात बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर रबराचं सील बसत नाही आणि न गाळलेली हवा टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जातेय. हे अ‍ॅव्हरेजपेक्षा इंजिनासाठी जास्त घातक. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नका. जोराच्या हवेने तो फाटतो, मारायचीच तर हलकी हवा आतून बाहेर मारा. मेट्रोची आणि रस्त्यांच्या काँक्रीटची कामं चालू आहेत त्या भागात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर हँडबुकातल्या किमीच्या आधीच बदलावा, असं आमचं मत. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज बघा. क्लॅम्पच्या कडेला तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ, चढावर शिट्टीसारखा आवाज, सायलेन्सरमधून काळा धूर आणि ओढ कमी: ही चारही गळक्या होजची लक्षणं. इंजिन चालू असताना पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून जोडांवर साबणाचं पाणी मारा आणि मदतनिसाला रेस द्यायला सांगा. जिथे बुडबुडे, तिथे भोक. क्लॅम्पची किंमत किरकोळ असते, आणि त्यापायी निरोगी नोझल टेस्टिंगला जातात.

डिझेल फिल्टरच्या तळाचा बूच सैल करून पहिलं डिझेल बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असल्यामुळे खाली बसतं आणि मधली रेषा स्पष्ट दिसते. पावसाळ्यानंतर पाणी निघालं तर फिल्टर बदला आणि टाकीच्या झाकणाचं रबरही तपासा. नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरण्याची सवय वाईट आहे: ते न गाळलेलं डिझेल थेट इंजिनाच्या इंधन पंपाकडे जातं. फिल्टरजवळच्या हातपंपानेच प्रायमिंग करा (डिझेल भरून हवा काढा), हातपंप कडक लागेपर्यंत. डिझेलवर शंका असेल तर पंपावर घनता तपासून मागा. नोंदवलेल्या घनतेपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक शंकास्पद. मापावर शंका असेल तर वैधमापनचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवणं पंपाला बंधनकारक आहे, ते वापरायला सांगा. पहाटे डिझेल दाट असतं म्हणून जास्त मिळतं, यात मात्र अर्थ नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

तापमानाकडे कुणी बघत नाही. 'गाडी गरम होऊ नये म्हणून' थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा) काढून टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. तसं केलं की इंजिन नेहमीच्या ८०–९० अंशांवर पोचतच नाही. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त डिझेल देतो, ऑइल घट्ट राहतं, आणि बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) गाडीत डीपीएफची (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) सफाई अर्धवट राहते. स्कॅनर (ईसीयूमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून पाहा: पंधरा-वीस मिनिटं चालवूनही कूलंट ८० च्या आत, किंवा हायवेवर वारा लागताच आकडा घसरतोय, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. नवा बसवा आणि नुसतं पाणी न भरता हँडबुकात सांगितलेलं कूलंट भरा.

१ एप्रिल २०२० नंतर विकलेल्या गाड्या बीएस ६ च्या. तुमच्या गाडीत डीपीएफ असेल तर तो मध्येच जास्तीचं डिझेल जाळून काजळी साफ करतो. आयडल (उभ्या गाडीचा इंजिन-वेग) थोडं वाढलेलं, पंखा जोरात, गरम वास: सफाई चालू आहे, इग्निशन बंद करू नका. शहरातल्या तुटक फेऱ्यांमध्ये ती दर वेळी अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. प्रत्येक वेळचं डिझेल वाया जातं, शिवाय ते थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला, आणि हँडबुकात लिहिलेलं कमी राखेचंच घाला. आठवड्यातून एकदा ईस्टर्न एक्सप्रेस किंवा नाशिक हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालली की सफाई पूर्ण होते. डीपीएफ किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) काढून 'मॅपिंग' (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल) करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, ते बेकायदा आहे. इंधनाच्या नळीवरचे मॅग्नेट आणि टाकीतल्या गोळ्या यांवरचे पैसे फिल्टरवर घाला.

स्कॅनर लावलेलाच असताना एअर फ्लो सेन्सर, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि आयडलवर ईसीयू प्रत्येक नोझलचं डिझेल किती कमी-जास्त करतोय, हे आकडे लिहून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला तरच परतीच्या डिझेलची बाटली टेस्ट (प्रत्येक नोझलमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत मोजणं) करून घ्या. ज्या नोझलची बाटली लवकर भरते, तोच काढा. क्लच चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला तपासा: दाबून रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर प्लेट घसरतेय.

हौद्यात साचलेल्या जुन्या साखळ्या, तुटके पॅलेट, भिजलेल्या गोणपाटांची थप्पी काढा. ताडपत्री घट्ट ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री वारा धरते. जड माल अ‍ॅक्सलच्या पुढे-मागे वाटून ठेवा, सगळा मागच्या दाराशी नको.

चालवण्यात तीन गोष्टी. गिअर १५०० ते २००० आरपीएममध्ये वर टाका. उतारावर न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्शन थांबतं, न्यूट्रलमध्ये आयडलला डिझेल जळत राहतं आणि कसाऱ्याच्या घाटात ब्रेकही तापतात. वजन उतरवताना इंजिन बंद ठेवा. एसी चालू ठेवून उभी गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. फक्त लांबून दाबात आली असेल तर मिनिटभर आयडल देऊन मग बंद करा, टर्बोचं ऑइल थंड होऊ द्या.

गाडी पगारी ड्रायव्हरकडे असेल तर ही वही त्याच्याकडे द्या आणि एकत्र बसून पहिली टाकी लिहा. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून त्याचे पैसे कापणं चूक आहे: अडकलेला ब्रेक किंवा फाटका होज त्याने केलेला नसतो, आणि भीतीने तो बिघाड सांगणं बंद करतो. काम संपल्यावर त्याच पंपावर टाकी भरा, त्याच मार्गावर ३५० किमी चालवा आणि आकडा वहीत आधीच्या ओळीखाली टाका. दोन टाक्या झाल्या तरी फरक दिसला नाही, तर वही आणि स्कॅनरचे आकडे घेऊन डिझेल लॅबमध्ये जा.