कॅम्पर ट्रेलर ओढताना डिझेलचा हिशेब

पुण्याहून कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं राहण्या-झोपण्याचं चाकांवरचं घर) जोडून कोल्हापूर-गोव्याकडे निघताय? गाडीचं नेहमीचं ॲव्हरेज विसरा. सपाट रस्त्यावर डिझेल पितं ते ट्रेलरचं वजन कमी, त्याचं उभं, रुंद तोंड जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किमीने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. म्हणून ८० च्या आतच बरं. (मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.) खंबाटकीच्या चढाला मात्र वजनच नडतं, ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी न्या, मुक्कामाला पोचल्यावर भरा. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांची हवा बघा. खरं ॲव्हरेज काढायचं तर डिझेल फुल करून निघा आणि पुन्हा फुल करताना लिटर मोजा. स्क्रीनवरच्या आकड्यावर माझा भरवसा नाही.